दोन संवेदनांचे कासव

काळोख्या, अनोळखी खोलीत शिरलेला माणूस हात पुढे करून चाचपडतो आणि उजेडाची तिरीप दिसली की तिकडे वळतो. यंत्रालाही असे वागता येईल का, हा प्रश्न विल्यम ग्रे वॉल्टर यांनी संगणक बाल्यावस्थेत असताना हाती घेतला. विशेष म्हणजे त्यांचा मूळ विषय यंत्रे नसून मेंदू हा होता.

अमेरिकेतील कॅन्सस सिटी येथे १९१० मध्ये जन्मलेले वॉल्टर बालपणीच इंग्लंडमध्ये आले. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात शिक्षण घेतल्यानंतर ते मेंदूतील विद्युतलहरींच्या संशोधनाकडे वळले. संथ डेल्टा लहरींवरून मेंदूतील गाठीचे स्थान कवटी न उघडता शोधता येते, हे त्यांनी १९३६ मध्ये दाखवून दिले. १९३९ पासून ब्रिस्टलमधील बर्डन न्यूरॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ही त्यांची कर्मभूमी झाली.

मेंदूत अब्जावधी पेशी असतात. मात्र गुंतागुंतीच्या वर्तनासाठी पेशींच्या संख्येपेक्षा त्यांची परस्परांशी असलेली जोडणी महत्त्वाची असावी, असे त्यांचे मत होते. ते पडताळण्यासाठी १९४८-४९ मध्ये त्यांनी एल्मर आणि एल्सी ही तीन चाकांची यांत्रिक कासवे तयार केली. जुन्या रेडिओत असत तसे अवघे दोन व्हॉल्व्ह हा प्रत्येकाचा मेंदू होता. प्रकाशविद्युत घट हा डोळा होता, तर कवच आदळताच जुळणारा विद्युतसंपर्क ही त्वचा.

या दोहोंच्या मेळातच वॉल्टर यांचे कौशल्य होते. मंद प्रकाशाकडे कासव ओढले जाई, फार प्रखर प्रकाशापासून दूर वळे. वाटेत अडथळा लागला की स्पर्श दृष्टीवर मात करी. कासव दिवा विसरून ढकलत, वळत स्वतःची सुटका करून घेई आणि मगच पुन्हा प्रकाशाचा शोध सुरू होई. बॅटरी उतरू लागली, की प्रखर दिव्याचे वावडे संपून ते दिवा लावलेल्या आपल्या खुराड्यात शिरे. एकाच दिव्याचा अर्थ स्पर्श आणि भूक यांनुसार असा बदलत असे.

पुढे त्यांनी श्रवणाची जोड दिली. शिटी आणि प्रकाश यांची सांगड वारंवार अनुभवल्यावर केवळ शिटीलाही यंत्र प्रतिसाद देऊ लागले. १९५१ च्या ‘फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन’मध्ये ही कासवे जनतेने पाहिली. १९५३ मध्ये ‘द लिव्हिंग ब्रेन’ हे त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. परंतु पुढील काळात यंत्रबुद्धीचे बहुतांश संशोधन गणिती तर्क आणि संगणक यांकडे वळले व कासवे मागे पडली.

आयुष्यभर मेंदूचा वेध घेणाऱ्या या शास्त्रज्ञाच्या मेंदूलाच १९७० मध्ये स्कूटर अपघातात गंभीर इजा झाली. त्यातून ते पूर्णपणे सावरले नाहीत. १९७७ मध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांचे पुस्तक ऑस्ट्रेलियातील एका शाळकरी मुलाच्या हाती पडले होते. रॉडनी ब्रुक्स हे त्याचे नाव. त्याने किशोरवयातच तसे कासव बनवून पाहिले. पुढे ब्रुक्स सहसंस्थापक असलेल्या आयरोबोट कंपनीने २००२ मध्ये रूंबा हा घर झाडणारा यंत्रमानव बाजारात आणला. खुर्चीच्या पायाला धडकून वळणाऱ्या त्या यंत्रात ब्रिस्टलच्या कासवाची चाल ओळखू येते.