ताझिओ नुव्होलारी

उत्तर इटलींत, पो नदीच्या सपाट व सुपीक खोऱ्यांत, तीन बाजूंनीं तळ्यांनीं वेढलेलें मांतोव्हा नांवाचें एक जुनें शहर आहे. लॅटिन कवि व्हर्जिल हा त्याच परिसरांत जन्मला, म्हणून विद्वानांस तें पूर्वीपासून ठाऊक आहे. परंतु विसाव्या शतकांत सामान्य इटालियन माणसास मांतोव्हा म्हटलें कीं दुसरेंच एक नांव आठवूं लागलें. या शहराजवळील कास्तेल दारिओ या खेड्यांत ता. १६ नोव्हेंबर १८९२ रोजीं एका शेतकऱ्याच्या घरीं ताझिओ नुव्होलारी जन्मला.

बाप आर्तुरो व चुलता ज्युसेप्पे हे दोघेही सायकलीच्या शर्यतींत भाग घेणारे. चुलत्यानें तर राष्ट्रीय अजिंक्यपद अनेकदां मिळविलें होतें, व पुढें तो बिआंकी कंपनीच्या गाड्या विकूं लागला. अशा घरांतील मुलास चाकांचें वेड लागावें यांत नवल नाहीं. ताझिओची मूर्ति लहानशी व सडसडीत होती. बलदंड मल्लाचा एकही गुण तिच्यांत दिसत नसे. १९१५ सालीं त्यानें मोटारसायकलीच्या शर्यतीचा परवाना काढला. पण त्याच वर्षीं इटली महायुद्धांत उतरली आणि त्याची रवानगी सैन्याच्या मोटारी हांकण्याकडे झाली. तेथें त्यानें जखमी सैनिकांनीं भरलेली गाडी रस्त्याबाहेर घातली, तेव्हां त्याच्या वरिष्ठानें त्यास गाडी चालविणें हें त्याचें काम नव्हे असें बजावलें, अशी एक गोष्ट सांगतात. ती शब्दशः खरी असो वा नसो, त्याच्या देशबांधवांस ती फार आवडते.

जून १९२० मध्यें क्रेमोना येथें तो पहिल्या मोटारसायकल शर्यतींत उतरला, आणि ती त्यास पुरी देखील करतां आली नाहीं. त्या वेळीं तो सत्तावीस वर्षांचा, विवाहित व एका मुलाचा बाप होता. या वयांत बहुतेक माणसें वेड सोडून व्यवसायास लागतात. यानें वेडाचाच व्यवसाय केला.

त्या काळच्या मोटारसायकली म्हणजे सायकलीच्या सांगाड्यास जोडलेलें एंजिन, यापेक्षां फारशा निराळ्या नव्हत्या. टायर अरुंद, ब्रेक दुबळे, रस्ते खडी-मातीचे. कोमो सरोवराजवळच्या डोंगरांतून लारिओची शर्यत होत असे. तींत चढ, उतार व एकामागून एक वळणें इतकीं असत कीं तिला इटलीची टूरिस्ट ट्रॉफी म्हणत. १९२५ पासून १९२९ पर्यंत सलग पांच वर्षें ती शर्यत ३५० सी. सी. च्या वर्गांत बिआंकी गाडीवर नुव्होलारीनेंच जिंकली. आमच्या वाचकांपैकीं ज्यांनीं पावसाळ्यांत घाटाच्या उतारावर सायकल सोडली असेल, त्यांना चाक घसरूं लागतें तो क्षण ठाऊक आहे. त्या क्षणीं आपण ब्रेक दाबतों व पडतों. नुव्होलारी त्या घसरणीलाच आपल्या हुकमतींत ठेवून वळण पार करी. ही विद्या तो दोन चाकांवर शिकला, आणि पुढें चार चाकांवर तिनेंच त्याचें नांव झालें.

१९२५ च्या जुलैंत अल्फा रोमिओ कंपनीचा अग्रगण्य शर्यतवीर अंतोनिओ अस्कारी फ्रान्समध्यें मोंतलेरीच्या शर्यतींत मरण पावला. त्याच्या मागें राहिलेल्या मुलाचें नांव आल्बेर्तो. तो नुकताच सात वर्षांचा झाला होता. रिकाम्या जागेसाठीं कंपनीनें सप्टेंबरांत मोंझा येथें नुव्होलारीची परीक्षा घेतली. त्याचा वेग पाहून सारे थक्क झाले. पण गिअरची पेटी अडकली, मोटार रस्ता सोडून गेली व त्याच्या पाठीस मोठ्या जखमा झाल्या. त्यास अंथरुणांत पडून राहण्यास सांगण्यांत आलें. परंतु थोड्याच दिवसांनीं त्याच मोंझावर मोटारसायकलींची राष्ट्रांची ग्रां प्री होती. नुव्होलारीनें गाडीवर बसण्याच्या वांकलेल्या स्थितींतच आपणास पट्ट्या बांधून घेतल्या. पोटाशीं उशी बांधली, मेकॅनिकांनीं उचलून गाडीवर बसविलें, आणि तो ३५० सी. सी. ची शर्यत जिंकून आला. त्या वर्षींचें युरोपचें अजिंक्यपदही त्या वर्गांत त्याचेंच ठरलें. ही गोष्ट ऐकून मुलांनीं टाळ्या पिटाव्या कीं नाहीं, याविषयीं माझें मन आजही द्विधा आहे. शौर्य निःसंशय आहे. पण घरीं पत्नी व सात वर्षांचा जॉर्जिओ होता, हेंही खरें आहे.

पुढें तो मोटारींकडे वळला. १९३० मध्यें त्यानें ब्रेशियापासून रोमपर्यंत जाऊन परत येणारी हजार मैलांची शर्यत जिंकली, व तींत ताशीं १०० किलोमीटरच्या वर सरासरी राखणारा तो पहिला ठरला. सिसिली बेटांतील तार्गा फ्लोरिओ त्यानें १९३१ व १९३२ अशीं लागोपाठ दोन वर्षें घेतली. कवि दानुन्त्सिओ यानें सर्वांत वेगवान माणसास सर्वांत मंद प्राणी म्हणून सोन्याचें एक लहान कांसव भेट दिलें. तेव्हांपासून पिवळा सदरा, निळी विजार व छातीवर तें कांसव हाच त्याचा वेष झाला.

अनोळखी रस्त्यावरील शर्यत ही एक निराळीच परीक्षा असते. स्वतःच्या मैदानावर वळण कोठें, चढ कोठें, हें शरीरासच ठाऊक असतें. परक्या ठिकाणीं सरावाच्या थोड्या फेऱ्यांत तें सारें शिकावें लागतें, आणि चुकीची किंमत तत्काळ द्यावी लागते. २ सप्टेंबर १९३३ ची आयर्लंडमधील आर्ड्‌सची टूरिस्ट ट्रॉफी नुव्होलारीच्या अशा परीक्षांपैकीं एक होय. बेलफास्टजवळील गांवांतून जाणारा पावणेचौदा मैलांचा रस्ता, त्याच्या ३५ फेऱ्या. मोटारही परकी, इंग्लंडची एम. जी. मॅग्नेट, तिचा गिअर आधीं दांड्यानें निवडून ठेवावयाचा व मग पायानें दाबून लागू करावयाचा, अशी नवीच तऱ्हा. शेजारीं बसणारा मेकॅनिक अलेक हाऊन्सलो हा इंग्रज. यास इंग्रजी येत नसे, त्यास इटालियन. खुणांवर काम चाललें. पहिल्या कांहीं फेऱ्यांत त्यानें गिअरांचे हाल केले. नंतर ती मोटार अशी धांवूं लागली कीं तिच्या कर्त्यांनाही आश्चर्य वाटलें. तो ताशीं सरासरी ७८ मैलांहून अधिक वेगानें जिंकला. हॅमिल्टन नांवाचा तरुण त्याच्या मागें अवघा ४० सेकंद राहिला.

१९३५ मधील जर्मनीची ग्रां प्री तर शाळकरी मुलांनाही तोंडपाठ असण्यासारखी आहे. न्यूरबुर्गच्या डोंगरी रस्त्यावर नऊ जर्मन मोटारी. त्यांच्यामागें जर्मन सरकारचा पैसा व प्रतिष्ठा. त्यांच्यापुढें जुन्या अल्फा रोमिओंतून हा ठेंगणा इटालियन. पेट्रोल भरतांना पंपाचा दांडा मोडल्यामुळें दोन मिनिटांहून अधिक वेळ गेला व तो सहावा झाला. शेवटच्या फेरीस फॉन ब्राउखिट्श सुमारें अर्ध्या मिनिटानें पुढें होता. त्याचा झिजलेला टायर फुटला व नुव्होलारी प्रथम आला. लाखों प्रेक्षक क्षणभर निःशब्द झाले.

येथून त्याच्या आयुष्याची दुसरी बाजू सुरू होते. १९३६ मध्यें न्यूयॉर्कजवळ व्हँडरबिल्ट चषक जिंकल्यावर पुढल्या वर्षीं तो पुन्हा अमेरिकेस निघाला. जहाज समुद्रावर असतांनाच जॉर्जिओ वारल्याची बातमी आली. मुलगा अठरा वर्षांचा होता. हृदयाच्या विकारानें गेला. बापास मागें फिरतां येईना. तो अमेरिकेस पोंचला व शर्यतींत उतरला. मोटार मध्येंच बंद पडली. त्याला दगडाच्या काळजाचा म्हणणारे त्या वेळींही होते. मला तसें वाटत नाहीं. हातास सवयीचें काम देऊन दुःख सोसणारीं माणसें आपल्याही आळींत असतात.

१९३८ च्या वसंतांत फ्रान्समध्यें पो शहरीं सराव करतांना त्याची अल्फा पेटली. तो भाजला व त्यानें ती कंपनी सोडली. त्याच वर्षीं जानेवारींत ऑटो युनियन या जर्मन कंपनीचा शर्यतवीर रोझमायर मरण पावला होता. ज्या जर्मन गाड्यांस नुव्होलारीनें हरविलें, त्यांतच तो आतां बसला. ही मोटार विलक्षण होती. एंजिन चालकाच्या मागें. चालक अगदीं पुढें. त्यामुळें मागचीं चाकें घसरूं लागलीं तरी बसणाऱ्यास तें उशिरा कळे, आणि कळे तों फार उशीर झालेला असे. अनेक नामांकित चालक तिला भ्याले. रोझमायर हा मोटारसायकलींतून आलेला. त्यास ती वश झाली. नुव्होलारीही मोटारसायकलींतूनच आलेला, पण आतां पंचेचाळीस वर्षांचा. सप्टेंबरांत त्यानें तिच्यावर इटलीची ग्रां प्री जिंकली, आणि ऑक्टोबरांत तो इंग्लंडांत डॉनिंग्टन येथें आला.

डॉनिंग्टन हें एका जुन्या जमीनदारी वाड्याचें उपवन. १९३१ पासून तेथें मोटारसायकलींच्या शर्यती होऊं लागल्या, व पुढें तोच रस्ता वाढवून मोटारींसाठीं केला. एक फेरी सव्वातीन मैलांस थोडी कमी. रस्ता अरुंद, झाडांतून जाणारा. शेतावरील इमारतींना खेटून जाई, एका दगडी पुलाखालून निघे, आणि एका चढाच्या माथ्यावर वेगवान मोटारी चक्क हवेंत उडत. उपवनांत हरणें मोकळीं फिरत असत. आदल्या वर्षीं जर्मन गाड्या येथें आल्या होत्या, पण नुव्होलारी त्यांत नव्हता. त्याला हा रस्ता सर्वस्वीं नवा. शर्यत मुळांत ऑक्टोबरच्या आरंभीं व्हावयाची होती. परंतु म्युनिक येथें युरोपच्या भवितव्याचा सौदा चालला असतां युद्ध पेटेल या भीतीनें जर्मन चमू आलेला परत गेला होता. करार झाला, भीति टळली असें लोकांस वाटलें, आणि शनिवार ता. २२ ही नवी तारीख ठरली.

सरावाच्या वेळीं एक सांबरासारखें मोठें हरिण झाडींतून उडी घेऊन त्याच्यासमोर आलें. अशा वेळीं हात आपोआप चाक वळवितो, आणि त्या अरुंद रस्त्यावर वळविणें म्हणजे झाडावर जाणें होतें. नुव्होलारीनें चाक सरळ ठेवलें. जनावर जागींच मेलें. मोटारीचें तोंड चेपलें. त्याच्या बरगडीस इजा झाली. छाती पट्ट्यांनीं आवळून तो शनिवारीं शर्यतीच्या आरंभरेषेवर उभा राहिला.

निशाण पडतांच तोच पुढें गेला. २६ व्या फेरीस एंजिनाचा प्लग बदलण्यासाठीं थांबावें लागलें व तो चौथा झाला. एवढ्यांत एका इंग्रज गाडीचें एंजिन फुटून रस्त्यावर तेल सांडलें. त्या तेलावर एकामागून एक वीर घसरले. एक जर्मन मोटार कायमची बाहेर गेली, एक गवतांत अडकून फेरीभर मागें पडली. नुव्होलारीही घसरला, पण त्याची गाडी पुन्हा रस्त्यावर आली. हीच ती लारिओच्या मातींत शिकलेली विद्या. पुढें हेरमान लांग आघाडीवर होता. एका दगडानें त्याच्या समोरची कांच फुटली व वाऱ्याचा मारा सोसून तो थकूं लागला. नुव्होलारी दर फेरीस कांहीं सेकंद खात आला आणि चौदाएक फेऱ्या उरल्या असतां त्यानें लांगला मागें टाकलें. ८० फेऱ्या संपल्या तेव्हां तो दीड मिनिटाहून अधिक पुढें होता. त्या हरणाचें मस्तक पुढें त्याच्या मांतोव्हाच्या घरीं गेलें.

ज्या युद्धाची भीति टळली असें वाटलें होतें तें पुढच्याच वर्षीं आलें. रविवार ता. ३ सप्टेंबर १९३९ रोजीं, ब्रिटन व फ्रान्स यांनीं जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारलें त्याच दिवशीं, बेलग्रेड शहरांत कालेमेग्दान किल्ल्याभोंवतीं एक शर्यत झाली. तींत अवघ्या पांच मोटारी. फरसबंदीचे रस्ते, ट्रामचे रूळ. नुव्होलारी तेथें उशिरा पोंचला होता, तरी ५० फेऱ्यांअखेर तोच पहिला आला. कोणत्या ध्वजाखालीं व कोणाच्या पैशानें आपण धांवत आहों याचा विचार त्यानें कितपत केला असेल? या बाबतींत त्या पिढीचे पुष्कळ खेळाडू डोळे मिटून राहिले, आणि त्यांत हाही होता, असें म्हणावें लागतें.

युद्ध संपलें तेव्हां तो बावन्न वर्षांचा होता. एप्रिल १९४६ मध्यें धाकटा मुलगा आल्बेर्तो मूत्रपिंडाच्या विकारानें वारला. तोही अठराच वर्षांचा. घर रिकामें झालें. पेट्रोलच्या धुरानें बापाचीं फुप्फुसें बिघडलीं होतीं, खोकल्यांतून रक्त पडे. तरी तो धांवतच राहिला. त्याच वर्षीं ट्यूरिनच्या एका शर्यतींत स्टिअरिंगचें चाक निखळून हातांत आलें. तें एका हातानें उंच धरून, दुसऱ्या हातानें उघडा दांडा पकडून त्यानें मोटार मुक्कामावर आणली. १९४८ च्या हजार मैलांच्या शर्यतींत फेरारीचा एक पंखा गळून पडला, एंजिनावरचें झांकण उडून गेलें. तो मात्र सर्वांच्या पुढें होता. शेवटीं रेज्जो एमिलियाजवळ मागची स्प्रिंग मोडली, तेव्हांच तो थांबला. १० एप्रिल १९५० रोजीं सिसिलींत मोंते पेल्लेग्रिनोचा चढ चढून त्यानें शेवटची शर्यत केली व आपल्या वर्गांत पहिला आला.

ता. ११ ऑगस्ट १९५३ रोजीं मांतोव्हा येथें तो पक्षाघातानें मरण पावला. त्याच्या इच्छेप्रमाणें शर्यतीच्याच वेषांत त्यास पुरण्यांत आलें. अंत्ययात्रेस सारें शहर लोटलें. शवपेटी मोटारीच्या नुसत्या सांगाड्यावर ठेवली होती, व ती ढकलीत स्मशानाकडे नेणारांत फान्जिओ होता, विल्लोरेसी होता, आणि त्या वेळचा जगज्जेता आल्बेर्तो अस्कारीही होता. मोंतलेरी येथें पडलेल्या अंतोनिओ अस्कारीचा तोच मुलगा.