विश्लेषण : भेसळ करणाऱ्या दुकानदारांची नावे छापणारे डॉ. हॅसल कोण होते?

भोरच्या बाजारात किंवा वेल्ह्याच्या किराणा दुकानात चिकोरी मिसळलेल्या कॉफीचे पाकीट घेतले, तर त्यावर कॉफी किती टक्के आणि चिकोरी किती टक्के, हे छापलेले असते. हा आकडा इतका महत्त्वाचा का, हे समजून घ्यायचे तर १८५० च्या लंडनमध्ये जावे लागते.

वाद कशावरून पेटला?

आर्थर हिल हॅसल यांचा जन्म १८१७ चा. पेशाने डॉक्टर, पण ओढा सूक्ष्मदर्शकाकडे. तेव्हा कॉफीत चिकोरीच्या भाजलेल्या मुळांची पूड सर्रास मिसळली जाई. रासायनिक तपासणीत ती ओळखता येत नाही, असे अर्थमंत्री चार्ल्स वुड यांनी तज्ज्ञांच्या हवाल्याने संसदेत सांगितले. हॅसल यांनी हीच पूड सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. कॉफीच्या बीच्या आणि चिकोरीच्या मुळाच्या पेशींची ठेवण वेगळी असते. भाजून-दळूनही ती ओळखू येते. चोरी उघडी पडली.

तपासणीत काय सापडले?

‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाचे संपादक थॉमस वाकली यांनी हॅसल यांना हे काम पुढे नेण्यास सांगितले. १८५१ ते १८५४ या काळात शहरातल्या दुकानांतून माल विकत आणून दोन हजारांहून अधिक नमुने तपासले गेले.

• पाव पांढरा दिसावा म्हणून तुरटी
• दुधात पाणी
• मोहरीच्या पुडीत गव्हाचे पीठ आणि रंगासाठी हळद
• लाल तिखटात शेंदूर, म्हणजे विषारी शिसे
• मुलांच्या रंगीत गोळ्यांतही शिसे

अहवालात विक्रेत्याचे नाव आणि पत्ता छापला जाई. शुद्ध माल विकणाऱ्यांचेही नाव येई. एखादा निष्कर्ष चुकला असता, तर बदनामीचा दावा ठरलेलाच होता.

कायदा कधी आला?

१८५५ मध्ये संसदेची चौकशी समिती बसली. हॅसल तिचे प्रमुख साक्षीदार होते. १८६० चा कायदा कमकुवत निघाला, कारण तपासनीस नेमण्याची सक्ती नव्हती. भक्कम कायदा आला तो १८७५ मध्ये. दरम्यान, १८६६ मध्ये हॅसल यांना फुप्फुसाच्या आजाराने गाठले. त्यानंतर त्यांनी व्हेंटनर येथे छातीच्या रुग्णांसाठी रुग्णालय उभारले. १८९४ मध्ये इटलीत त्यांचे निधन झाले.

आज ग्राहकाच्या हातात काय?

भारताच्या २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यातील कलम ४० नुसार कोणताही ग्राहक शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून नमुना तपासून घेऊ शकतो. मात्र माल तपासणीसाठी घेत असल्याचे दुकानदाराला खरेदीच्या वेळीच सांगावे लागते. नमुना नियमबाह्य निघाला, तर शुल्क परत मिळते. हळदीचा रंग जास्तच भडक वाटला, तर नुसती शंका घेऊन गप्प बसण्याची गरज नाही.