विजयानंतर चौथ्या दिवशी मृत्यू

रोमिओ-ज्युलिएटचे गाव म्हणून व्हेरोना आपल्या परिचयाचे आहे. शेक्सपिअरच्या जन्माआधी सुमारे अडीचशे वर्षे उत्तर इटलीतील या नगरावर कानग्रांदे देल्ला स्काला याची सत्ता होती. कानग्रांदे म्हणजे 'मोठा कुत्रा'! हे नाव त्याने अभिमानाने मिरवले; त्याच्या पुतळ्याच्या शिरस्त्राणावरही श्वानमुख कोरलेले आहे.

त्याचा जन्म १२९१ चा. १३०८ पासून भाऊ अल्बोइनोसह आणि १३११ मध्ये त्याच्या निधनानंतर एकट्याने त्याने कारभार पाहिला. पोप आणि सम्राट यांच्या झगड्यात इटलीची नगरे तेव्हा दुभंगली होती. कानग्रांदे सम्राटाच्या बाजूचा. त्यासाठी पोपने १३१८ मध्ये त्याला धर्मबहिष्कृत केले. त्याने फारशी फिकीर केली नाही.

शेजारचे पादुआ जिंकणे हा मात्र त्याचा ध्यास होता. १३१४ मध्ये पादुआच्या फौजेने व्हिचेंझावर चाल केली, तेव्हा मूठभर स्वारांनिशी धावून जाऊन त्याने तिची दाणादाण उडवली. १३२० मध्ये पादुआच्या वेशीवर त्यालाच जखमी होऊन पळावे लागले. अखेर १३२८ मध्ये पादुआ हाती आले.

फ्लोरेन्सने हद्दपार केलेल्या दान्तेला त्याने आश्रय दिला. 'डिव्हाइन कॉमेडी'च्या अखेरच्या खंडात दान्तेने त्याचा गौरव केला आहे. पण आश्रिताची स्तुती हे राज्यकर्त्याचे संपूर्ण चित्र नव्हे. पादुआचा कवी मुस्सातो याने एका जुन्या जुलमी सत्ताधीशावर नाटक लिहून आपल्या नगराला कानग्रांदेपासून सावध केले होते. व्हिचेंझाच्या लढाईत तो कानग्रांदेचा कैदी होता, हेही विसरता येत नाही.

१८ जुलै १३२९ रोजी त्रेव्हिझो शरण आले. विजयी प्रवेशानंतर कानग्रांदे आजारी पडला आणि २२ जुलैला, अवघ्या अडतिसाव्या वर्षी, मरण पावला. थंड झऱ्याचे पाणी बाधल्याचे सांगण्यात आले. विषप्रयोगाची कुजबुजही झाली.

ही कुजबुज पुढे पावणेसातशे वर्षे टिकली. २००४ मध्ये थडगे उघडले, तेव्हा देह नैसर्गिकरीत्या ममीरूपात टिकलेला आढळला. आतड्यातील अवशेषांत फॉक्सग्लोव्ह या विषारी वनस्पतीचे परागकण आणि यकृतात तिची द्रव्ये सापडली. आज हृदयरोगावर दिले जाणारे डिगॉक्सिन याच वर्गातील वनस्पतीपासून मिळते. २०१५ मध्ये संशोधकांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. औषधातील चुकीची शक्यता उरतेच. तरीही त्यांचा कल खुनाकडे आहे. मारेकरी कोण, हे देह सांगत नाही. संशयाची सुई मिलान आणि व्हेनिसकडे जशी वळते, तशीच पुतण्या मास्तिनोकडेही. कानग्रांदेला औरस पुत्र नव्हता. गादी मास्तिनो आणि त्याचा भाऊ आल्बेर्तो यांच्याकडे गेली.

पादुआ त्यांना जेमतेम १३३७ पर्यंत राखता आले. १३८७ मध्ये तर खुद्द व्हेरोनाही या घराण्याच्या हातून गेले. कानग्रांदेचा मूळ अश्वारूढ पुतळा आता तेथील कास्तेलव्हेकिओ संग्रहालयात आहे. चेहऱ्यावर भलेमोठे हसू आहे.