मत्स्यजिऱ्यांचा पहिला घास : योहान यॉर्ट यांचे चरित्र

ग्वाल्हेरहून समुद्र शेकडो कोस दूर. आमच्या विद्यार्थ्यांपैकी पुष्कळांनी तो पाहिलाही नसेल. परंतु आम्हां कोकणी बोलणाऱ्यांच्या घरी समुद्राची वार्ता स्वयंपाकघरातच कळते. एखाद्या वर्षी तारली टोपल्यांनी येते, तर एखाद्या वर्षी दृष्टीसही पडत नाही. असे का व्हावे, या कोड्यावर ज्यांनी प्रथम लख्ख प्रकाश पाडला, त्या नॉर्वेच्या योहान यॉर्ट यांचा परिचय आम्ही येथे करून देत आहोत.

यॉर्ट यांचा जन्म १८ फेब्रुवारी १८६९ रोजी क्रिस्तियानिया, म्हणजे आजच्या ऑस्लो नगरीत झाला. वडील नेत्रवैद्यकाचे प्राध्यापक. चिरंजीवांचा ओढा मात्र प्राणिशास्त्राकडे. म्युनिक येथे अध्ययन करून १८९२ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळविली. १९०० च्या सुमारास नॉर्वेतील मत्स्यसंशोधनाची धुरा त्यांच्याकडे आली.

त्या किनाऱ्यावरील असंख्य कुटुंबांचा संसार कॉड व हेरिंग या माशांवर चाले. मासळी आटली की घरोघर विवंचना पसरे. मासे यंदा दुसरीकडे गेले, असाच सर्वांचा समज होता. यॉर्ट व त्यांचे सहकारी यांनी माशांची वये मोजण्यास आरंभ केला. झाडाच्या बुंध्याप्रमाणे माशाच्या खवल्यावरही वर्षागणिक वलये उमटतात. देशाची खानेसुमारी करावी तशी हेरिंगची वयवार गणना होताच नवल दिसले : १९०४ साली जन्मलेली एकच पिढी पुढे कित्येक वर्षे जाळी भरीत होती. इतर सालच्या पिढ्या तिच्यापुढे तुटपुंज्या होत्या. मासे अन्यत्र गेले नव्हते. त्या त्या साली ते जगलेच नव्हते.

याचे कारण त्यांनी १९१४ च्या आपल्या प्रबंधात मांडले. अंड्यातून निघालेल्या जिऱ्याच्या पोटाशी पीतकाची शिदोरी असते. ती थोड्याच दिवसांत संपते. त्याच वेळी भोवती सूक्ष्म प्राणिप्लवक हवेत. हे प्राणिप्लवक वनस्पतिप्लवकांवर जगतात आणि वनस्पतिप्लवक सूर्यप्रकाशावर व पाण्यातील क्षारांवर वाढतात. ही साखळी वेळेवर जुळली तर पिढी तरते. न जुळली, तर पेरणीनंतर पावसाने दडी मारलेल्या शेताची गत होते. प्रवाहाबरोबर जिरे दूर वाहून जाणे, हेही दुसरे कारण त्यांनी सांगितले.

१९१० मध्ये सर जॉन मरे यांच्यासमवेत त्यांनी ‘मिखाएल सार्स’ नौकेतून अटलांटिक महासागराचे संशोधन केले. पहिल्या महायुद्धात ब्रिटनशी झालेल्या मासळीच्या करारावरून सरकारशी मतभेद होताच १९१६ मध्ये त्यांनी अधिकारपद सोडले. १९२१ पासून ते ऑस्लो येथे प्राध्यापक होते. १९३८ मध्ये आंतरराष्ट्रीय समुद्रसंशोधन परिषदेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले, आणि ७ ऑक्टोबर १९४८ रोजी निधन होईपर्यंत ते त्यांनी भूषविले.

पुढील संशोधकांनी त्यांच्या विचारात भर घातली. सर्वच जिरे उपासमारीने मरतात असे नव्हे. अर्धपोटी जिरे सावकाश वाढते, आणि जितके दिवस ते लहान राहते तितके दिवस भक्षकांच्या तोंडी पडण्याचे भय टिकते. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर मोसमी वाऱ्यांच्या दिवसांत तळचे थंड, क्षारयुक्त पाणी वर येऊन प्लवक बहरतात. तारलीचा विणीचा हंगामही तोच. तिचे भाग्यही या बहराशी निगडित आहे.

विद्यार्थी मित्रांनो, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या समजुतीला यॉर्ट यांनी वादाने नव्हे, तर खवल्यांवरील वलये मोजून उत्तर दिले. गरिबाच्या ताटातील मासळीसाठी केलेला हा खटाटोप विज्ञानाच्या इतिहासात आदरास पात्र ठरला आहे.