सहा तासांची कबुली

वय वर्षं २१. एम.ए. झालेलं, तेही १७ जणांत दुसऱ्या नंबरानं. पोरगा वकील होणार हे वडिलांनी कधीच ठरवून टाकलेलं, त्यामुळं कायद्याच्या वर्गात नावही घातलेलं. ओळखीची वाटतेय ना कहाणी? फक्त ही आहे १५०५ सालची, जर्मनीतल्या एरफुर्ट शहरातली. आणि पोराचं नाव मार्टिन ल्यूथर.

शाळेच्या इतिहासात तुम्ही त्याला भेटलेले आहात. धर्मसुधारणा चळवळ, १५१७, थोडक्यात टीप लिहा! पण त्या टिपेत एक गोष्ट राहून जाते. पोपशी, सम्राटाशी त्याचं भांडण झालं ते नंतर. त्याआधी बारा वर्षं तो भांडत होता स्वतःशी. देवानं जे करायला सांगितलंय ते मला जमत नाही, मग माझं काय होणार, एवढाच त्याचा प्रश्न होता. ख्रिस्ती माणसाला हा प्रश्न कधी ना कधी पडतोच.

एक वीज आणि एक नवस

२ जुलै १५०५. घरून एरफुर्टला परतताना स्टॉटर्नहाइम गावाजवळ त्याला वादळानं गाठलं. जवळच वीज कोसळली. मरणाच्या भीतीनं त्यानं संत अ‍ॅनला नवस बोलला: वाचलो तर संन्यासी होईन. ही खाणकामगारांची लाडकी संत, आणि ल्यूथरचे वडील हान्स तांब्याच्या धंद्यात वर आलेले. पंधरा दिवसांनी, १७ जुलैला, तो ऑगस्टिनियन मठाच्या दारात उभा होता. वडील संतापले.

दोन वर्षांनी, १५०७ मध्ये, ल्यूथर धर्मगुरू म्हणून पहिला मिस्सा करणार होता. वडील राग गिळून वीस घोडेस्वार घेऊन थाटात आले. जेवणावळीत ल्यूथरनं विषय काढला, आता तरी राग गेला ना? हान्सनं चारचौघांत उलट विचारलं, आईबापाचा मान राख ही देवाची आज्ञा तू वाचली नाहीस का? ल्यूथरला हा प्रश्न आयुष्यभर विसरता आला नाही. देवाला दिलेला शब्द पाळायला गेला आणि दहापैकी एक आज्ञा तिथंच मोडली होती.

अटेंडन्स पूर्ण, तरी नापास

दहा आज्ञा वरवर सोप्या वाटतात. खून करू नको, चोरी करू नको, खोटी साक्ष देऊ नको. तुम्ही म्हणाल, यात काय अवघड? आपण कुठं कुणाचा खून करतोय! पण येशूनं डोंगरावरच्या प्रवचनात या आज्ञा हातापायांवरून उचलून थेट मनात नेऊन ठेवल्या. भावावर रागावलास तरी तू दोषी. वाईट नजरेनं पाहिलंस तरी व्यभिचार झालाच. आणि सगळ्यांत मोठी आज्ञा कोणती, तर देवावर पूर्ण जिवानिशी प्रेम कर. आता पूर्ण म्हणजे किती? हे मोजायचं कसं?

चर्चकडं यावर एक वाट होती, आजही आहे. तुमच्या वर्गात वसईचा किंवा गोव्याचा कुणी कॅथलिक मित्र असेल तर त्याला पापनिवेदनाबद्दल विचारा. चुकलेलं आठवायचं, मनापासून पस्तावायचं, धर्मगुरूपुढं सांगायचं, क्षमा मिळवायची, दिलेलं प्रायश्चित्त करायचं आणि पुन्हा उभं राहायचं. लाखो लोकांना या वाटेनं आधार दिलाय.

ल्यूथर मात्र या वाटेवरच अडकला. त्यानं उपास केले, रात्री जागून प्रार्थना केल्या, थंडीत अंग गोठवलं. पापनिवेदनाला बसला की उठायचाच नाही. एकदा तर म्हणे सहा तास बोलत होता. बाहेर पडला की एखादं राहिलेलं आठवायचं. सगळं सांगून झालंच तर नवा किडा डोक्यात: मला खरंच पस्तावा झालाय की मी फक्त नरकाला घाबरलोय? भीतीपोटी म्हटलेलं सॉरी देवाला चालतं का?

त्याचे वरिष्ठ योहान फॉन श्टाउपिट्स समजूतदार गृहस्थ होते, पण शेवटी तेही वैतागले. बारीकसारीक गोष्टींच्या याद्या आणू नकोस, खरंखुरं पाप असेल तर ये, अशा अर्थाचं त्यांनी त्याला सुनावलं. देव तुझ्यावर रागावलेला नाही, तूच देवावर रागावला आहेस, हेही सांगितलं. आणि ते खरं होतं. आवाक्याबाहेरचे नियम घालून वर शिक्षा करणाऱ्या देवाचा आपल्याला मनातून तिरस्कार वाटायचा, हे ल्यूथरनं पुढं स्वतःच लिहून ठेवलंय.

मठाच्या कामासाठी तो रोमला गेला. तिथं २८ पायऱ्यांचा एक पवित्र जिना आहे. आजोबांच्या आत्म्यासाठी तो गुडघ्यांवर चढला, पायरीगणिक प्रार्थना म्हणत. वर पोचल्यावर मनात आलं ते एवढंच, की हे खरंच असं असेल का कुणास ठाऊक.

एका शब्दाचा उलगडा

श्टाउपिट्सनी मग वेगळाच उपाय केला. सतत स्वतःच्या मनात उकरत बसणाऱ्या या पोराला त्यांनी कामाला लावलं: डॉक्टर हो आणि विटेनबर्ग विद्यापीठात बायबल शिकव. १५१२ पासून ल्यूथर प्राध्यापक झाला. आधी स्तोत्रं शिकवली, मग १५१५ मध्ये पौलाचं रोमकरांस पत्र घेतलं.

त्या पत्राच्या सुरुवातीलाच देवाचं नीतिमत्त्व असा शब्द येतो. ल्यूथरला त्यात न्यायाधीश दिसायचा. देव नीतिमान आहे, म्हणून तो चुकणाऱ्याला शिक्षा करणार. पुन्हा पुन्हा तोच मजकूर वाचताना त्याला त्याचा उलटा अर्थ उमगला. हे नीतिमत्त्व देव माणसाकडून वसूल करत नाही, तो ते माणसाला देतो. माणसानं ते विश्वासानं घ्यायचं. आधी चांगलं व्हा मग स्वीकारतो, असं नाहीच. स्वीकार आधी, चांगलं होणं त्यानंतर. साधं बघा ना, आई मार्कशीट पाहून आई होत नाही. ती आहे म्हणून पोर मार्कशीट दाखवायला धजावतं.

हा अर्थ लागला तेव्हा आपण नव्यानं जन्मलो असं वाटलं, अशी आठवण त्यानं म्हातारपणी, १५४५ मध्ये लिहिली.

पावती फाडून सुटका

आता १५१७ कडं वेगळ्या नजरेनं बघा. योहान टेट्झेल नावाचा धर्मोपदेशक आसपासच्या गावांत मुक्तिपत्रं विकत होता. पैसे भरा, पापाची शिक्षा माफ. मेलेल्या नातेवाइकांसाठीही सोय. निम्मा पैसा रोमच्या सेंट पीटर चर्चच्या बांधकामाला, निम्मा एका आर्चबिशपचं सावकाराचं कर्ज फेडायला.

ल्यूथर भडकला तो फक्त पैशाच्या लुबाडणुकीमुळं नाही. सहा तास कबुली देणाऱ्या माणसाला दिसत होतं, की इथं पश्चात्तापच बाद झालाय. पावती फाडली की विषय संपला! ३१ ऑक्टोबरला त्यानं त्याच आर्चबिशपला ९५ मुद्दे पाठवले. पहिलाच मुद्दा असा, की ख्रिस्ती माणसाचं अख्खं आयुष्य हाच पश्चात्ताप असायला हवा. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. पोपचा बहिष्कार, १५२१ मध्ये वर्म्सच्या सभेत सम्राटापुढं माघारीला नकार, मग वार्टबुर्ग किल्ल्यात लपून सुमारे अकरा आठवड्यांत नव्या कराराचं जर्मन भाषांतर.

मग काय, मोकाट सुटायचं?

तुमच्या मनात आलंच असेल. क्षमा फुकट आहे तर नियम पाळायचे कशाला? ल्यूथरच्या काळातही लोकांनी हेच विचारलं. १५२० च्या एका पुस्तकात त्यानं उत्तर दिलं: झाड चांगलं असेल तर फळ चांगलं येतं, फळं बांधून झाड चांगलं होत नाही. आज्ञा त्यानं खाली आणल्या नाहीत. १५२९ मध्ये घराघरांसाठी छोटी प्रश्नोत्तरी लिहिली, तिची सुरुवातच दहा आज्ञांनी होते. स्वतःही तो विटेनबर्गचे पाळक बुगेनहागेन यांच्यापुढं शेवटपर्यंत पापनिवेदन करत राहिला. फक्त आता ते परीक्षा म्हणून नव्हतं, जखमेला औषध लावून घ्यावं तसं होतं.

याची खरी कसोटी लागली १५३५ मध्ये. त्याच्या न्हाव्यानं, पेटरनं, प्रार्थना कशी करायची ते विचारलं होतं. ल्यूथरनं त्याच्यासाठी पुस्तिका लिहिली. एकेक आज्ञा घ्या, तिच्यातून शिका, आभार माना, चूक कबूल करा, मदत मागा, अशी तिची रीत. त्यानंतर थोड्याच काळात पेटरनं दारूच्या नशेत आपल्या जावयाला भोसकून मारलं. खून करू नको ही आज्ञाही त्या पुस्तिकेत होतीच. ल्यूथरनं त्याच्यासाठी रदबदली केली आणि मृत्युदंडाऐवजी हद्दपारी झाली. माणूस जिवंत राहिला, पण घर आणि गाव गेलं. क्षमा असली तरी परिणाम पुसले जात नाहीत.

त्याच्या स्वतःच्या चुका

इथं थांबलो तर मी तुम्हाला अर्धीच गोष्ट सांगितली असं होईल. १५२५ मध्ये शेतकऱ्यांनी बंड केलं तेव्हा त्यांना निर्दयपणे चिरडा, असं ल्यूथरनं राजांना लिहिलं. हजारो माणसं मारली गेली. १५४३ मध्ये ज्यूंविरुद्ध त्यानं इतकं विषारी पुस्तक लिहिलं, की चारशे वर्षांनी नाझींनी ते मिरवलं. तरुणपणी मनातल्या क्षुल्लक विचारांसाठी तासन्‌तास रडणाऱ्या माणसाला ही खरीखुरी पापं दिसली नाहीत. चुकांची यादी करण्यात आपण हुशार असतो, पण जी चूक आपल्याला न्याय्य वाटते ती यादीत येतच नाही.

ती यादी नंतरच्यांनी पूर्ण केली. १९९४ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या ल्यूथरन चर्चनं ज्यूंविरुद्धचं ते लिखाण जाहीरपणे नाकारलं आणि त्याबद्दल खेद मांडला. आणि ज्या प्रश्नावरून चर्च फुटलं, त्यावर ३१ ऑक्टोबर १९९९ ला कॅथलिक आणि ल्यूथरन प्रतिनिधींनी आउग्सबुर्गमध्ये एकत्र सही केली: देव माणसाला स्वीकारतो तो त्याच्या पुण्याईवर नव्हे, कृपेनं.

१८ फेब्रुवारी १५४६ ला ल्यूथर वारला, जिथं जन्मला त्याच आइसलेबेन गावात. शेवटच्या दिवसांत लिहिलेली एक चिठ्ठी मागं राहिली. तिच्या शेवटी त्यानं स्वतःला धरून सगळ्यांनाच याचक म्हटलं होतं. सहा तास हिशेब देणाऱ्या त्या पोरानं जाताना हिशेब दिला नाही. रिकामा हात तेवढा पुढं केला.