वायूंचे प्रसरण मोजणारे गे-ल्युसॅक

दाब स्थिर असताना वायूचे आकारमान त्याच्या निरपेक्ष तापमानाच्या समप्रमाणात असते, हा चार्ल्सचा नियम आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेच्या वहीत उतरवून घेतला आहे. त्यामागील मापने काटेकोरपणे करून प्रसिद्ध करणारे शास्त्रज्ञ मात्र चार्ल्स नव्हेत. त्यांचे नाव जोसेफ लुई गे-ल्युसॅक.

त्यांचा जन्म ६ डिसेंबर १७७८ रोजी मध्य फ्रान्समधील सें-लेओनार या लहानशा गावी झाला. वडील कायदेपंडित होते. राज्यक्रांतीच्या धामधुमीत वडिलांना कारावास घडला. तरीही १७९७ मध्ये मुलाने पॅरिसच्या एकोल पॉलिटेक्निकमध्ये प्रवेश मिळवला. विख्यात रसायनज्ञ बेर्तोले यांनी त्यांची पारख केली आणि पॅरिसजवळच्या आर्कय येथील आपल्या प्रयोगशाळेत त्यांना साहाय्यक म्हणून घेतले.

उष्णतेने वायू प्रसरण पावतात, हे तेव्हा सर्वांना ठाऊक होते. ते किती, याविषयी मात्र एकमत नव्हते. एकाच हवेवर प्रयोग करणाऱ्या दोघांची उत्तरे जुळत नसत. हा दोष गे-ल्युसॅक यांना उपकरणात राहून गेलेल्या पाण्यात सापडला. भांड्याच्या आत चिकटलेला थेंब तापताच वाफ होतो आणि ती वाफही वायूच्या प्रसरणात मोजली जाते. म्हणून त्यांनी वायू आणि भांडी दोन्ही कोरडी करण्यावर भर दिला. काचेच्या गोलातील वायू उकळत्या पाण्याइतका तापवायचा, जास्तीचा वायू निघून जाऊ द्यायचा, तोटी बंद करायची, मग गोल वितळत्या बर्फाइतका थंड करून आत शिरलेले पाणी तोलायचे, अशी त्यांची रीत होती. हवा असो, हायड्रोजन असो वा ऑक्सिजन, उत्तर एकच आले : ०° सेल्सियसला १०० भाग असलेला वायू १००° ला १३७.५ भाग होतो. १८०२ मध्ये हा निबंध प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यांचे वय अवघे तेवीस होते. इंग्लंडमध्ये जॉन डाल्टनही त्याच सुमारास स्वतंत्रपणे याच निष्कर्षाकडे आले होते.

आता चार्ल्स यांच्याविषयी. जाक शार्ल हा त्यांच्या नावाचा फ्रेंच उच्चार. १७८३ मध्ये हायड्रोजनच्या फुग्यातून आकाशात गेलेले हे भौतिकीविद. काही वायू सारख्याच प्रमाणात प्रसरण पावतात, हे त्यांनी सुमारे पंधरा वर्षे आधी पाहिले होते. पण छापले काहीच नव्हते. गे-ल्युसॅक यांना ते योगायोगाने समजले. त्यांनी मौन पाळले असते तर कोणी जाब विचारला नसता. त्यांनी मात्र आपल्या निबंधातच शार्ल यांच्या कामाची नोंद केली आणि पाण्यात विरघळणाऱ्या वायूंबाबत दोघांचे निष्कर्ष कोठे वेगळे पडतात, तेही स्पष्ट लिहिले. श्रेयाविषयी ते उदासीन होते, असे नव्हे. १८१३ मध्ये आयोडीनच्या संशोधनावरून हम्फ्री डेव्ही यांच्याशी त्यांचा चांगलाच वाद झाला.

धाडसही त्यांच्या अंगी होते. १६ सप्टेंबर १८०४ रोजी ते एकटेच फुग्यातून सुमारे सात हजार मीटर उंचीवर गेले आणि तेथील हवा बाटल्यांत भरून घेऊन आले. पृथक्करणात ती पॅरिसच्या हवेसारखीच निघाली. वायूंचा संयोग आकारमानाच्या साध्या पूर्णांकी प्रमाणात होतो, हा त्यांचा दुसरा मोठा नियम १८०८ चा. पोटॅशियमवर प्रयोग करताना झालेल्या स्फोटाने त्यांच्या डोळ्यांना इजा झाली, तरी काम थांबले नाही.

त्यांच्या आकड्यानुसार तापमान एक अंशाने वाढले की वायू ०° च्या आकारमानाच्या सुमारे १/२६७ इतका वाढतो. पुढे रेन्यो आदी संशोधकांनी अधिक सूक्ष्म मापने करून तो १/२७३ वर आणला. आपल्या सूत्रातील २७३ तो हाच. ९ मे १८५० रोजी गे-ल्युसॅक यांचे पॅरिसमध्ये निधन झाले. फ्रान्समधील विद्यार्थी आकारमान आणि तापमान यांचा हा नियम आजही त्यांच्याच नावाने शिकतात.