महर्षि धोंडो केशव कर्वे व त्यांची झोळी

पोलादपूर व महाड ह्या गांवांवरून वाहत गेलेली सावित्री नदी बाणकोटापाशीं समुद्रास मिळते. तेथून किनाऱ्यानें दक्षिणेस गेलें म्हणजे दापोली तालुक्यांत हर्णै व त्याच्या शेजारीं मुरूड हें गांव लागतें. (आमच्या रायगड जिल्ह्यांतील जंजिऱ्याचें मुरूड तें निराळें, वाचकांनीं घोटाळा करूं नये.) बाणकोट व हर्णै येथें 1823 च्या सुमारास स्कॉटिश मिशनऱ्यांनीं आपलें काम आरंभिलें, हें आमच्या मंडळ्यांतील कित्येकांच्या ऐकण्यांत असेल. ह्याच मुरूडांत धोंडो केशव कर्वे ह्यांचें बाळपण गेलें. त्यांचा जन्म 18 एप्रिल 1858 रोजीं शेरवली येथें आजोळीं झाला. घर ब्राह्मणाचें, पण गरिबीचें.

सहाव्या इयत्तेच्या सरकारी परीक्षेस बसण्यासाठीं हा मुलगा सोबत्यांसह मुरूडाहून साताऱ्यास पायीं गेला. अंतर सुमारें 110 मैल, वाट डोंगराची. पोलादपूरकरांस आंबेनळीचा घाट पायाखालचा आहे. सह्याद्रि चढून देशावर जाणें म्हणजे काय, हें त्यांस सांगावयास नको. साताऱ्यास पोंचल्यावर परीक्षकांनीं त्यास न्याहाळून पाहिलें व वय लहान दिसतें म्हणून परत पाठविलें. आल्या वाटेनें परत येणें प्राप्त झालें. पुढें त्यानें ती परीक्षा दिली, मुंबईस जाऊन शिक्षण पुरें केलें, आणि 1884 सालीं एल्फिन्स्टन कॉलेजांतून गणित विषय घेऊन बी. ए. ची पदवी मिळविली.

मुंबईंत शिक्षकाचें काम करीत असतां कर्व्यांनीं एक लहानशी गोष्ट केली. आम्हांस वाटतें, त्यांच्या पुढील सर्व कार्याचें बीज तिच्यांत आहे. मुरूडांत शिकून बाहेरगांवीं कमावते झालेल्या लोकांकडून मिळकतीचा ठराविक अंश घेऊन गांवाच्या उपयोगासाठीं त्यांनीं ‘मुरूड फंड’ उभा केला. ज्या मातीनें वाढविलें तिचें देणें लागतें, हा त्यांतील विचार. आमच्या मंडळ्यांस दशांश म्हणजे काय हें ठाऊक आहे. तेव्हां अशा देण्याची रीति आपणांस परकी वाटूं नये. मात्र त्या फंडाच्या चालकास गांवानें काय दिलें तें पाहा. पहिली पत्नी राधाबाई 1891 सालीं निवर्तल्यावर त्यांनीं 11 मार्च 1893 रोजीं गोदूबाई नांवाच्या विधवेशीं विवाह केला, आणि मुरूडानें त्यांस बहिष्कार घातला. सख्ख्या आईसहि मुलाशीं मोकळेपणानें राहण्याची चोरी झाली.

ह्या गोदूबाई, म्हणजे पुढील आनंदीबाई, कोठून आल्या? पंडिता रमाबाईंच्या शारदासदनांतून. 1889 सालीं मुंबईंत सदन उघडलें तेव्हां तेथें आलेल्या त्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी. त्यांचे बंधु नरहरपंत जोशी हे कर्व्यांचे जिवलग मित्र होते. शारदासदनाचा खर्च अमेरिकेंतील रमाबाई असोसिएशन चालवीत असे. 1893 सालीं सदनांतील मुली ख्रिस्ताकडे वळूं लागल्या, तेव्हां न्यायमूर्ति रानडे, डॉ. भांडारकर आदिकरून सल्लागार दूर झाले व पुष्कळ पालकांनीं मुली काढून नेल्या. रमाबाईंनीं प्रभूच्या नांवापुढें लोकांच्या मर्जीची पर्वा केली नाहीं. त्याबद्दल आम्हीं देवाचे आभार मानितों. परंतु त्या मुलींच्या बापांस विश्वास वाटेल असें दुसरें घर निघावें, असें कर्व्यांस वाटलें, आणि 1896 सालीं त्यांनीं अनाथ बालिकाश्रमाची मंडळी स्थापिली. परदेशचा पैसा हातीं नव्हता; मग जो मिळवावयाचा तो दारोदार फिरूनच.

येथून त्यांची झोळी सुरू झाली. कर्वे त्या वेळीं पुण्यास फर्ग्युसन कॉलेजांत गणिताचे प्राध्यापक होते. सुट्टी लागली कीं ते गांवोगांव फिरत, व्याख्यान देत, आणि जो जें देईल तें घेत. वक्तृत्व त्यांच्यापाशीं नव्हतें. हळू आवाज, साधें बोलणें; पण हिशेब मात्र चोख. आश्रमाचा अहवाल दरसाल छापून निघे व त्यांत देणगीदारांचीं नांवें असत. ज्या स्त्रीनें मंदिराच्या भांडारांत दोन टोल्या टाकिल्या तिचें दान प्रभूच्या नजरेंतून सुटलें नाहीं. कर्व्यांच्या वहींतूनहि असें दान सुटत नसे. जो दुसऱ्यापाशीं मागतो त्यानें आधीं स्वतःचें द्यावें, हाहि त्यांचा नेम. आपल्या आयुष्याच्या विम्याचे 5000 रुपये त्यांनीं आश्रमाच्या नांवें करून दिले. घरांत बायकामुलांस ह्याचें दुःख झालें, आणि तें अगदींच अकारण होतें असें आम्हांस म्हणवत नाहीं. परोपकाऱ्याच्या उदारपणाची किंमत पुष्कळदां त्याच्या घरची माणसें भरीत असतात.

1900 सालीं प्लेगामुळें आश्रम पुण्याबाहेर हिंगण्यास नेला. रावबहादुर गोखले ह्यांनीं दिलेल्या जागेवर एक झोपडी उभी राहिली. कॉलेजांतील काम आटोपल्यावर कर्वे शहरांतून सामानसुमान घेऊन हिंगण्याची वाट पायीं चालत.

आतां एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. आश्रमांत आरंभीं ब्राह्मण विधवांसच घेत असत. शिवाय, विधवाविवाहाच्या चळवळीचा संबंध दिसला तर देणगीदार बिथरतील, म्हणून ज्या चळवळीसाठीं बहिष्कार सोसला तिच्याच मंडळीच्या कारभारांतून कर्वे बाजूस झाले. ज्या महाडांत चवदार तळ्याच्या पाण्यासाठीं 1927 सालीं डॉ. आंबेडकर व हजारों लोक पुढें आले, त्या भागांतील वाचकांस हें खटकेल, व खटकावेंच. देणाऱ्याची मर्जी सांभाळतांना मागणाऱ्याचे हात असे बांधले जातात. परदेशच्या पैशानें रमाबाईंस सल्लागारांची मर्जी मोडण्याची मोकळीक मिळाली. स्वदेशच्या पैशानें कर्व्यांस लोकांचा विश्वास मिळाला, पण ती मोकळीक मिळाली नाहीं. मंडळीच्या छपरासाठीं किंवा उपदेशकाच्या पगारासाठीं कोणापुढें हात पसरावा, हा प्रश्न ज्यांच्या पंचायतींत निघतो, त्यांनीं हीं दोन्ही उदाहरणें शेजारीं शेजारीं ठेवून पाहावीं. कर्व्यांस स्वतःलाहि ही उणीव कळली असावी. 1944 सालीं, वयाच्या 86 व्या वर्षीं, त्यांनीं समता संघ काढिला.

आश्रमांत शिकलेल्याच पुढें आश्रमाच्या आधार झाल्या. आनंदीबाईंची विधवा बहीण पार्वतीबाई आठवले येथें शिकल्या व वर्गणी जमविण्याचें काम करूं लागल्या. 1918 सालीं त्या अमेरिकेस गेल्या, तेथें इंग्रजी शिकण्यासाठीं परक्या घरीं मोलकरणीचें काम केलें, आणि संस्थेसाठीं पैसे घेऊन परत आल्या. त्यांचें आत्मचरित्र अमेरिकन मराठी मिशनचे रेव्ह. जस्टिन ॲबट ह्यांनीं इंग्रजींत आणिलें. तें 1930 सालीं छापलें.

जपानांतील स्त्रियांच्या विद्यापीठाची माहितीपत्रिका हातीं पडली, तेव्हां कर्व्यांच्या मनांत तसेंच विद्यापीठ आपल्या देशांत काढण्याचा विचार आला. 1915 च्या अखेरीस मुंबईच्या सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून त्यांनीं तो मांडिला, आणि 1916 सालीं विद्यापीठ स्थापन झालें. डॉ. भांडारकर कुलपति व रँग्लर परांजपे कुलगुरु झाले. शिक्षण मातृभाषेंत व इंग्रजी हा सक्तीचा विषय. पदवीस नांव ‘गृहीतागमा’. सरकारची मान्यता नव्हती, त्यामुळें ही पदवी सरकारी नोकरीस चालत नसे, आणि पहिल्या वर्षीं कॉलेजांत मुली आल्या त्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. वार्षिक वर्गणी देणारांस विद्यापीठाच्या कारभारांत प्रतिनिधि निवडण्याचा हक्क ठेविला होता; म्हणजे सरकारचें पाठबळ नसलेलें हें विद्यापीठ वर्गणीदारांच्या खांद्यावर उभें होतें.

1920 सालीं मुंबईचे गिरणीमालक सर विठ्ठलदास ठाकरसी ह्यांनीं 15 लाख रुपये देऊं केले. साडेतीन टक्क्यांनीं दरसाल 52,500 रुपये व्याज येणार होतें. विद्यापीठास त्यांच्या मातोश्रींचें नांव मिळालें : श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी. मुख्य ठाणेंहि पुढें, 1936 सालीं, पुण्याहून मुंबईस गेलें. नांव गेलें, गांव गेलें, ह्याची खंत करीत बसणारे कर्वे नव्हते.

एवढें धन हातीं आल्यावर झोळी खुंटीस लागावी! पण 1929 सालीं, 71 व्या वर्षीं, ते विलायत, अमेरिका व जपान ह्या प्रवासास निघाले. सुमारें वर्षभर फिरून 27,000 रुपये जमले. पुढें आफ्रिकेंत राहणाऱ्या हिंदी लोकांकडे गेले व 15 महिन्यांनीं 34,000 रुपये घेऊन 1932 सालीं परतले. दोन्ही मिळून 61,000. ठाकरसींच्या एका वर्षाच्या व्याजाहून थोडेच अधिक. एवढ्यासाठीं म्हाताऱ्यानें समुद्र ओलांडावे काय, असें कोणी विचारील. पण त्या रकमेमागें मोंबासापासून दक्षिण आफ्रिकेपर्यंतच्या किती दुकानदार-कारकुनांचे हात होते, हें व्याजाच्या आंकड्यांत दिसत नाहीं.

1936 सालीं त्यांनीं ग्रामप्राथमिक शिक्षण मंडळ स्थापिलें. ज्या खेड्यांत लोकल बोर्डाची शाळा पोंचली नव्हती, तेथें शाळा काढावयाची. विद्यापीठ उभारलेले हे 78 वर्षांचे गृहस्थ आतां खेड्यांतील पहिलीच्या वर्गासाठीं पुण्यांत घरोघर वर्गणी मागत हिंडूं लागले. सरकारनें विद्यापीठाचा कायदा 1949 सालीं केला, तेव्हां ते 91 वर्षांचे होते. भारतरत्न हा किताब 1958 सालीं, शंभराव्या वर्षीं, मिळाला. 9 नोव्हेंबर 1962 रोजीं पुण्यास, वयाच्या 105 व्या वर्षीं, त्यांचा देहांत झाला.